सदोतीस गुंठे

शेतात घर बांधायचं तर एक एकर पाहिजे. चाळीस गुंठे. एका नावावर. आमचं भरलं सदोतीस.

तीन गुंठे कमी. तीन गुंठ्यात ज्वारीचं एक पोतं बी नीट होत न्हाय. पण तेवढ्यावर माझा संसार अडकला.

आमचं गाव उमरग्याजवळ, हायवेपासून जरा आत. गावात आमचं माळवदाचं घर. खोल्या दोन आन् दार एक. पुढच्या खोलीत माझा थोरला भाऊ शांतलिंगअण्णा, वहिनी आन् त्यांची लेकरं. मागच्या खोलीत मी आन् माझी बायको शिवप्रिया. अप्पा ओसरीवर. अव्वा, म्हणजे आमची आई, गेल्यापासून अप्पा आत झोपतच न्हाईत.

मागच्या खोलीला बाहेर जायला वाट न्हाय. तिन्ही अंगानं शेजाऱ्याची घरं चिकटलेली, भिंत फोडावी तर समोर दुसऱ्याची चूल. त्यामुळं शिवप्रियाला पहाटं बाहेर जायचं झालं की अण्णाच्या अंथरुणावरनं पाय टाकत जावं लागायचं. थोरला दीर उघडाबंब घोरत पडलेला, आन् ही बांगड्या वाजू नयेत म्हणून हात छातीशी धरून चाललेली.

एकदा लेकराच्या हातावर पाय पडला. लेकरू किंचाळलं. सगळे उठले. वहिनी म्हणली, "आमच्या अंगावरनंच राजरस्ता हाय का तुमचा?"

वहिनीचं बी काय चुकलं? तिला बी झोप पाहिजेच की.

शिवप्रिया भांडली न्हाय. पिशवी भरली आन् माहेरी आळंदकडं गेली. एसटीत बसताना म्हणली, "अवो, मला वाडा नको, बंगला नको. आपलं दार झालं की फोन करा."

माझं उमरग्याला बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं टपरीवजा दुकान हाय. व्हिडिओ बघून बघून शिकलो. दुसऱ्याचा फुटलेला डिस्प्ले जोडतो आन् आपलाच फोन दर घडीला बघतो. ती फोन उचलायची, बोलायची, जेवला का विचारायची. पण ये म्हणलं की फोन ठेवायची.

गावठाणात जागा न्हाय. गावठाणाला लागून दोनशे मीटरपर्यंत घर बांधू देतेत, पण आमचं रान त्याच्या पल्याड. मग एकच रस्ता उरला. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात, एक एकर असेल तर, राहण्यापुरतं एक घर बांधता येतं.

आता हा नियम कुणाचा? नियम सरकारचा. पण आमच्या शिवारात तो राहिला तो माझ्या बापामुळं.

शिवप्रिया माहेरी गेली त्याच्या आदल्या साली आराखडा आला होता. उमरग्याच्या आसपासची गावं त्यात घेतलेली. नकाशात शेतीला हिरवा रंग, घरांना पिवळा. हायवेकडची पट्टी पिवळी करा म्हणून बऱ्याच जणांनी अर्ज दिले. पिवळं झालं की प्लॉट पडतेत, प्लॉट पडले की माणूस बुलेटवर फिरतो. अर्ज देणाऱ्यात पुढं कोण, तर माझा सख्खा चुलता कल्याणप्पाकाका. हायवेला त्याचं हॉटेल हाय. आमचं आन् त्याचं रान बांधाला बांध.

हरकती ऐकायला साहेब आले. माझे अप्पा, चन्नबसप्पा, आयुष्यात कधी सभेत उभे राहिले न्हाईत. त्या दिवशी राहिले. कपाळाला ताजी विभूती, हातात टोपी.

"सायेब, पिवळा रंग आमच्यात हळदीला लावतेत," अप्पा म्हणले. "एकदा लागला की पोरगी परक्याची. रानाचं बी तसंच हाय. पिवळं झाल्यालं रान परत माहेरी येत न्हाय. तवा एक एकराला एकच घर द्या. ते बी जो कसतो त्याला. बाकी रान हाय तसं राहू द्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणले, "काका, नियम तुमच्या तोंडून ऐकायला बरा वाटतो." पट्टी हिरवीच राहिली.

कल्याणप्पाकाका चहा न पिता उठून गेला. त्या दिवसापासून दोघं भाऊ बोलेनात. बांधावर समोरासमोर आले तर एक आभाळाकडं बघायचा, एक पायाकडं.

आन् मग आमचीच पाळी आली. घराच्या परवानगीला मी आन् अप्पा गेलो. तेच साहेब. अप्पाला ओळखलं, खुर्ची दिली. मग सातबारा बघितला आन् म्हणले, "काका, सदोतीसच आहेत."

अप्पा हसले. "मधले सहा धरा की सायेब. त्रेचाळीस होतेत."

"ते सामाईक आहेत. दोघा भावांच्या नावावर. ते धरता येत नाहीत."

"तिथं माझा बाप पुरलाय. आई पुरलीय. माझी बायको पुरलीय. ते माझं न्हाय तर कुणाचं?"

"तुमचंच आहे. पण तुमच्या एकट्याचं नाही."

हे सहा गुंठे काय ते सांगतो. आमच्यात माणूस गेला की जाळत न्हाईत. बसवून पुरतेत, आन् आमच्या गावात ज्याच्या त्याच्या रानात. वेगळी मसणवट न्हायच. आजानं दोन एकर रान ठेवलं. वाटणी झाली तवा पंच म्हणले, समाधीची जागा कुणा एकाला देऊ नका, उद्या कुणाची मती फिरली तर विकून खाईल. मढी वाटत नसतेत. म्हणून सहा गुंठे दोघांच्या नावावर ठेवले, आन् राहिलेलं सारखं वाटलं. सदोतीस, सदोतीस. कुणावर अन्याय न्हाय. सगळ्यांनी पंचांचं कौतुक केलं, पुरणपोळी खाऊन गेले.

त्या शहाणपणानं दोघा भावांत एकाचं बी एकर भरलं न्हाय.

अप्पा खुर्चीवरनं उठले. दारात थांबून विचारलं, "सायेब, हे एक एकराचं जरा कमी जास्त?"

साहेब बिचारे खाली बघून म्हणले, "काका, त्या दिवशी टाळ्या तुम्हीच घेतल्या होत्या."

अप्पानं टोपी घातली आन् पायऱ्या उतरले.

कल्याणप्पाकाकानं सहा गुंठ्यातला हक्क सोडला तर काम होणार होतं. दुसरा उपाय नव्हता. मी एकटाच त्याच्या हॉटेलवर गेलो. अप्पाला सांगितलं न्हाय.

काका गल्ल्यावर बसला होता. "बा, मल्लिनाथा, बा," म्हणला, म्हणजे ये, ये. त्याला खुशी झाली की कन्नड सुटतं. "हिरवी माणसं आज पिवळ्याच्या दारात?"

"काका, सहा गुंठ्यातली तुमची बाजू अप्पाच्या नावानं सोडा."

"कशाला रे?"

"घर बांधायचंय."

"कुठं? रानात?" काकानं हॉटेलातल्या लोकांकडं बघितलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "अरारारा! रान हाय तसं राहू द्या म्हणलेला ना तुझा बाप? माझ्या रानात घर झालं की रान मरतं, आन् त्याच्या रानात झालं की गाभण राहतं व्हय?"

माणसं हसली. मी मान खाली घालून उभा.

हसणं झाल्यावर काकाचा आवाज खाली आला. "बस. भजी खा. सूनबाई अजून आली न्हाय म्हणं?"

सगळ्या गावाला म्हाईत होतं.

"देतो," काका म्हणला. "पैसा नको मला तुझा. परत सुनावणी लागलीय. आमी पुन्हा अर्ज केलाय, हायवेपासून तुमच्या बांधापर्यंत, मधल्या सहा गुंठ्यासकट पिवळं करा म्हणून. चन्नबसप्पानं यायचं आन् मागची हरकत मागं घ्यायची. तोंडानं. त्याच सायबापुढं."

"अप्पा न्हाय ऐकायचे काका."

"मग सूनबाईला सांग, दीर लई घोरतो का ते विचारत होता काका."

तिथंच भज्याची प्लेट त्याच्या तोंडावर मारावी वाटली. मारली न्हाय. खाल्ली.

अप्पाला सांगायला सोमवारी रानात गेलो. दर सोमवारी अप्पा समाधीवरचं गवत काढतेत, पाणी घालतेत, बेल वाहतेत. तीन ओटे हायेत. आजा, आजी आन् अव्वा. अव्वाच्या शेजारी एक मोकळी जागा, तिथं अप्पानं एक दगड रोवून ठेवलाय. लहानपणी मी त्या दगडावर बसलो की अव्वा ओरडायची, "ऊठ, ती तुझ्या अप्पाची जागा हाय." मग तीच आधी गेली.

मी सांगत होतो, अप्पा गवत उपटत होते. सांगून झालं तरी उपटत होते. जिथं गवत नव्हतं तिथलं बी उपटत होते.

"अप्पा, नसेल जमत तर ऱ्हाऊ द्या," मी म्हणलो. खोटं म्हणलो. मला राहू द्यायचं नव्हतं.

अप्पा हात झाडून उठले. अव्वाच्या ओट्याकडं बघत म्हणले, "होगली बिडु." जाऊ दे, सोड. मला म्हणले का अव्वाला, कळलं न्हाय.

सुनावणीला तीच टोपी हातात. तोच हॉल. लोक तेच. फक्त टाळ्या वाजवणारी माणसं या वेळी भिंतीकडं तोंड करून बसलेली.

"माझी मागची हरकत म्या मागं घेतो," अप्पा म्हणले.

साहेबांनी चष्मा काढला. "काका, मागच्या वेळी तर तुम्ही इतकं..."

"मागच्या वेळी सून घरात होती सायेब."

कुणी हसलं न्हाय. काका सुद्धा न्हाय.

पट्टी पिवळी झाली. काकानं शब्द पाळला, तेवढं म्हणावं लागंल. हक्कसोडीच्या दिवशी आधी रानात गेला, आपल्या आईच्या ओट्याला डोकं टेकवून बराच वेळ बसला. मग उमरग्याला येऊन सही केली. सही करताना म्हणला, "चन्न्या, तू संभाळ आता." अप्पा म्हणले, "व्हय." दोघं भाऊ वर्षानं बोलले ते एवढंच.

सहा गुंठे अप्पाचे झाले. एकर भरलं. घराची परवानगी बी निघाली. मी रानात जाऊन फक्कीनं खोल्या आखल्या. स्वयंपाकघर, झोपायची खोली, मोरी. दार पूर्वेला. त्या पांढऱ्या रेघेच्या आत पायताण काढून गेलो, येडा.

शिवप्रियाला घेऊन आलो. तिचा भाऊ सोबत. ती रेघेवरनं ओलांडून आत आली, जिथं दार काढलं होतं तिथं उभी राहिली आन् बाहेर बघितलं. समोर तूर. तुरीच्या मागं तूर. उजव्या हाताला तीन ओटे.

"शेजारी कोण?" तिनं विचारलं.

"शेजारी आपलंच की."

"तसं न्हाय. माणूस कोण?"

मी लांब गावाकडं हात केला.

"तुमी दुकानाला गेल्यावर इथं मी एकटी?" ती म्हणली. "हाक मारली तर कोण ओ देईल? सासूबाई?"

तिचा भाऊ गालात हसला. अप्पा बांधावर उभे होते, ऐकू गेलं असणार.

"दारच मागितलं होतंस ना तू?" माझा आवाज चढला.

"दार मागितलं. दाराबाहेर माणूस पण लागतो. तुमी मला एकदा तरी विचारलं का, कुठं राहशील म्हणून?"

न्हाय विचारलं. साहेबाला विचारलं, काकाला विचारलं, अप्पाला विचारलं. जिला राहायचं तिला विचारायचं राहून गेलं.

ती पल्याड बघत होती. काकाच्या रानात. तिथं तूर न्हाय काय न्हाय, जेसीबीनं सपाट केलेलं, रंगीत झेंड्या लावलेल्या, रस्ते आखलेले, लाईटचे खांब पडलेले. "ते काय हाय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"तिथं बरं हाय की," ती म्हणली. साधं म्हणली. तिच्या मनात पाप नव्हतं.

प्लॉटिंग काकाचा पोरगा शिवानंद करत होता. माझ्याएवढाच, बरोबर शाळेत होता. दुसऱ्याच दिवशी दुकानावर आला, फोनला नवी काच लावायच्या निमित्तानं. काच चांगली होती.

"मल्ल्या, लेआऊटला दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागती," म्हणला. "बगीचा बिगीचा. माझा चांगला प्लॉट त्यात जातोय. तुमची समाधीची जागा आपल्या रस्त्याला लागूनच हाय. ती मला द्या, मी ती मोकळी जागा दाखवतो. बदल्यात तू एक प्लॉट घे, वर खोल्या उभ्या करून देतो. ओट्याला हात लावणार न्हाय, शपथ. उलट फरशी लावून देतो. नायतर त्या जागेचा तुला उपयोग काय? तिथं पेरता येत न्हाय, बांधता येत न्हाय."

मला पंचांचा शब्द आठवला. उद्या कुणाची मती फिरली तर. काकाची फिरंल म्हणून भीती होती सगळ्यांना.

अप्पाला सांगितलं तवा ते ओसरीवर बसले होते. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"बाहेरच्याला जाणार न्हाय, शिवानंद घरचाच हाय अप्पा. ओटे तसेच राहतेत."

"रान परत सदोतीस होणार," अप्पा म्हणले.

"व्हय."

"परत घर न्हाय तिथं. कधीच."

"व्हय अप्पा."

"तुझ्या अण्णाला बी न्हाय."

अण्णाचा तर मी विचारच केला नव्हता.

अप्पानं कपाळावरची विभूती पुसली, पुन्हा लावली. "कुठं सही करायची?"

घर झालं. दोन खोल्या, मोरी, आन् दार. दाराला बाहेरनं जाळी, आतनं लाकूड. मी फोन केला, शिवप्रिया आली. दार आतनं लावून तिनं पाठ टेकली आन् रडली. मला बी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? लई बरं वाटलं.

शिवानंदनं बी शब्द पाळला. आमच्या खानदानात सगळे शब्द पाळतेत. तिन्ही ओट्यांना गुळगुळीत फरशी लावली, भोवती सिमेंटचे ठोकळे, कडेला कण्हेर, मधोमध झोके. पाटी लावली, "बाल उद्यान". अप्पानं रोवलेला दगड मध्ये येत होता, तो काढला आन् तिथं बाकडं बसवलं.

प्लॉट घेणाऱ्यांना कुठं म्हाईत ओटे कसले ते. बायका त्यावर कुरडया वाळत घालतेत, ऊन चांगलं लागतं म्हणून. परवा शिवप्रियानं बी घातल्या. शेजारणी बोलावतेत, तिला न्हाय म्हणता येत न्हाय. मी बघितलं आन् आत गेलो. तिला माणसं पाहिजे होती, मिळाली.

मोरीचं पाणी नालीत, आन् सगळ्या प्लॉटची नाली उताराला, आमच्या सदोतीस गुंठ्यात. तुरीचं ते टोक पिवळं पडलंय. अप्पा तिथं रोज चर मारतेत, पाणी रोज दुसरीकडनं येतं.

सोमवारी अप्पा बगीच्यात आले. ठोकळ्यातनं गवत उगवत न्हाय, त्यामुळं काढायला काय नव्हतं. बेल वाहिला. झोक्यावरच्या पोरीनं विचारलं, "आजोबा, इथं कुठला देव हाय?" अप्पा म्हणले, "घरचा."

मग बाकड्यावर बसले. तिथं चार बाकडी हायेत, अप्पा त्याच एकावर बसतेत.

मी जवळ गेलो. अप्पा म्हणले, "मल्ल्या, माझं कुठं?"

"काय अप्पा?"

"मला कुठं बसवशील?"

गावात मसणवट न्हाय, ते सांगितलंच. बगीच्यात कुणी खणू देणार न्हाय. शिवानंदला मी विचारून बघितलं होतं, तो म्हणला, येडा का काय, प्लॉट कोण घेईल?

"रानात की अप्पा. आपल्या रानात."

"त्यातनं बी जागा कमी करायची?" अप्पा हसल्यासारखे झाले. "बोरीखाली ठेव. टोकाला. आन् तेवढा तुकडा कागदावर वेगळा करू नको, कुणी कितीबी शहाणा सांगू दे. वरनं नांगर फिरवला तरी चालंल."

"तुमी अव्वाजवळ..."

"ती बसलीय तिथं माणसात. तिला बरं हाय."

तेवढ्यात शिवप्रियानं दारातनं हाक मारली, "मामा, चहा झालाय, आत या की!"

अप्पा उठले. दारापर्यंत आले. आत वाकून बघितलं. फरशी पांढरी, तिनं नुकतीच पुसलेली. अप्पा दिवसभर चरात उभे होते, घोट्यापर्यंत चिखल.

"पायाला माती हाय पोरी," म्हणले. "इथंच दे."

तिनं पाणी आणते म्हणलं, पाय धुवायला. अप्पानं हातानं नको केलं. धुतलेलं पाणी नालीत जाणार आन् नाली कुठं जाते ते त्यांना म्हाईत होतं. पायरीवर उभ्यानंच चहा घेतला, कप उंबऱ्यावर ठेवला आन् रानाकडं गेले.

कप आत घेतला आन् मी दार लावलं.